मम्मीला एकटीला करंज्या करू देऊ नका

दोन वर्षांपूर्वीची डिसेंबरातली रात्र. आमच्या मंडळीचा तरुण संघ कॅरल गात घरोघर फिरत होता. बरोबर एखादं मोठं माणूस असावं म्हणून मीही गेले होते. नगरची थंडी, साडेबारा वाजून गेलेले. एका घरासमोर मुलांनी दोन गाणी म्हटली. ढोलकी, गिटार, आवाज, सगळं छान जमून आलं होतं. दार उघडलं त्या घरच्या बाईंनी. त्यांचा मुलगा गिटार वाजवत होता, मुलगी पुढे उभी राहून गात होती. बाईंच्या हातांना मनगटापर्यंत मैदा लागलेला होता. आत परातीत मळलेला गोळा, ओल्या फडक्याखाली भरून ठेवलेल्या करंज्या, आणि आम्ही आलो म्हणून बंद केलेला कढईखालचा गॅस. पाय सुजले होते त्यांचे, एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत उभ्या होत्या.

पंचवीस जणांना त्यांनी चहा दिला. मुलांनी ताटातल्या करंज्या उचलल्या, कोणीतरी प्रार्थना केली, सगळे निघाले. निघताना मुलगा म्हणाला, "मम्मी, तू झोप, आम्हाला उशीर होईल. सेवा आहे." दार लागता लागता मला ओट्यावर ठेवलेले ते पंचवीस कप दिसले.

मी ते कप धुतले नाहीत. मीही मुलांबरोबर पुढच्या घरी गेले. त्या रात्रीपासून ते कप माझ्या मनातून जात नाहीत. म्हणून यंदाचा नाताळ यायच्या आत आपल्या मंडळीतल्या तरुण मुलामुलींशी चार शब्द बोलावेत असं वाटलं.

'सेवा' हा आपला शब्द. क्वायरमध्ये गाणं ही सेवा, शब्बाथ शाळेत शिकवणं ही सेवा, शिबिराला जाणं, उपासनेच्या वेळी साउंड सांभाळणं, पडद्यावर गीतांचे शब्द दाखवणं, ही सगळी सेवाच. मी स्वतः बरीच वर्षं शब्बाथ शाळेत शिकवलं आहे, त्यामुळे या कामांना कमी लेखण्याचा विचारही माझ्या मनात येणार नाही. पण हा शब्द चर्चच्या फाटकाबाहेर पडला की त्याचा जीव जातो, असं मला दिसू लागलं आहे. घरातली भांडी, नळाला पाणी आलं की भरायची पिंपं, आजीच्या गोळ्या, दळण, रेशन, याला आपण सेवा म्हणत नाही. त्याला आपण 'घरचं काम' म्हणतो आणि ते उरकून सेवेला पळतो. न उरकता पळालो तरी चालतं, कारण काम करायला घरी कोणीतरी असतंच.

आता शुभवर्तमान उघडून बघा. प्रभू येशू बारा वर्षांचा असताना यरुशलेमच्या मंदिरात गुरुजनांमध्ये बसून प्रश्न विचारतो, सगळे थक्क होतात. आपल्या मंडळीत एवढा हुशार मुलगा निघाला असता तर आपण त्याला तिथेच ठेवून घेतलं असतं, दर महिन्याला व्यासपीठावर उभं केलं असतं. लूक काय सांगतो? तो आईबापांबरोबर नासरेथला परत गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला. पुढे जाहीर कार्याला सुरुवात केली तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता, हेही लूकच सांगतो. मधली अठरा वर्षं! त्या वर्षांबद्दल शुभवर्तमानांत जवळजवळ काहीच लिहिलेलं नाही. सुताराचं घर, लाकूडकाम, धाकटी भावंडं, विहिरीचं पाणी, एवढंच असणार. आणि यार्देनेच्या पाण्यातून तो वर आला तेव्हा स्वर्गातून पित्याची वाणी झाली की या पुत्राविषयी मी संतुष्ट आहे. तोवर त्याने एकही प्रवचन केलं नव्हतं, एकाही आजाऱ्याला बरं केलं नव्हतं. पित्याचा तो संतोष त्या अठरा वर्षांवरही होता, असं मी तरी मानते.

मार्काच्या पहिल्याच अध्यायात पेत्राची सासू तापाने पडली आहे. प्रभू तिचा हात धरून उठवतो, ताप निघून जातो आणि ती त्यांची सेवा करू लागते. सेवा म्हणजे काय केलं असेल तिने? पाणी दिलं असेल, चूल पेटवली असेल, भाकर-मासळी वाढली असेल. मूळ ग्रीकमध्ये तिथे जो शब्द आहे तोच शब्द त्याच अध्यायात थोडं आधी आलेला आहे: अरण्यात परीक्षा झाल्यावर देवदूतांनी प्रभूची सेवा केली, तिथे. आपण मंडळीत 'डीकन' म्हणतो तो शब्दही त्याच मुळाचा. मार्काला देवदूतांच्या सेवेसाठी एक शब्द आणि कफर्णहूमच्या स्वयंपाकघरासाठी दुसरा शब्द शोधावासा वाटला नाही.

सर्वांत कडक वचन मात्र मार्काच्या सातव्या अध्यायात आहे, आणि ते मला तुमच्यापुढे ठेवलंच पाहिजे. त्या काळी माणूस एखादी वस्तू 'कर्बान' म्हणून जाहीर करी, म्हणजे ती देवाला वाहिलेली. मग म्हातारे आईबाप मागायला आले तरी ती त्यांना द्यावी लागत नसे. सगळं अगदी धर्माला धरून. प्रभू त्यावर किती संतापला ते वाचा. देवाच्या नावाने आईबापांचं तोडलेलं त्याला चालत नाही. आपल्याकडे आज कोणी पैसा कर्बान करत नाही, वेळ करतो. "प्रॅक्टिस आहे", "मीटिंग आहे", "तरुण संघाचं आहे". आईने भाजी निवडायला हाक मारली की हे शब्द तोंडातून निघतात, आणि बिचारी आई देवाधर्माच्या कामाला नाही कसं म्हणायचं म्हणून गप्प बसते. मुलांनो, आपली आई ज्या शब्दापुढे गप्प बसते तो शब्द जपून वापरा.

घरकामाने माणूस खुजा होतो, त्याची बुद्धी चुलीत जाते, असं ज्यांना वाटतं त्यांनी आपल्याच मंडळीतल्या लक्ष्मीबाई टिळकांकडे बघावं. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या. नवऱ्याच्या हाती आलेला पैसा कोणाच्या गरजेला जाईल याचा नेम नाही, दारात पाहुणा कधी उभा राहील याचाही नाही. १८९५ साली नवऱ्याने, म्हणजे रेव्हरंड टिळकांनी, बाप्तिस्मा घेतला, संसार दुभंगला, पुन्हा जुळला आणि १९०० साली लक्ष्मीबाईही प्रभूकडे आल्या. त्यानंतरही रांधणं, वाढणं, निराधार मुलांना पोटाशी धरणं सुटलं नाही. टिळक १९१९ साली गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य जेमतेम सुरू होऊन थांबलं होतं. त्यातले बहुतेक अध्याय लिहिले ते या बाईंनी. आणि त्यांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' तुम्ही शाळेत थोडंफार वाचलं असेल, आता सबंध वाचा. त्या पुस्तकात मोठी तत्त्वं फार थोडी आहेत. घागर, चूल, सोवळंओवळं, आजारपण, उसनवारी, हे सगळं आहे, आणि त्यातून देव कसा भेटत गेला तेही आहे. संसार बाजूला ठेवून त्यांनी श्रद्धा शोधली असती तर ते पुस्तक झालंच नसतं.

केडगावच्या पंडिता रमाबाईंचंही तसंच. हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल एकटीने मराठीत आणणारी बाई. पण त्यांच्या 'मुक्ती' मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली होत्या. त्यांचं दळण, कपडे, आजारपण रोजचं होतं. विणकाम, शेती, स्वयंपाक आणि छापखान्यातली खिळ्यांची जुळणीसुद्धा तिथल्या बायका-मुली करत. रमाबाई एप्रिल १९२२ मध्ये वारल्या आणि ते बायबल १९२४ साली बाहेर पडलं. त्या पानांना किती हात लागले असतील! आणि त्या छापखान्यातल्या मुलींना दोन वेळा जेवायला घालणारे हात तर कुठल्याच पानावर दिसत नाहीत.

इथे मुलींच्या बाजूने एक गोष्ट ठामपणे सांगते. आपल्या कितीतरी घरांत भाऊ प्रॅक्टिसला जातो आणि बहीण भांडी घासते. वर तिलाच सांगतात की घरकाम हीच तुझी सेवा. माझं हे लिहिणं कोणी त्यासाठी वापरू नये. बेथानीच्या घरात मार्थाची धावपळ चालली होती आणि मरीया प्रभूच्या पायाशी बसून ऐकत होती. मार्थाने तक्रार केली तेव्हा प्रभूने मरीयेला उठवून स्वयंपाकघरात पाठवलं नाही. मुलीने शिकावं, वचन ऐकावं, हा तिचा हक्क त्याने स्वतः राखला. तिने निवडलेलं तिच्याकडून काढून घेता येणार नाही, असंच तो म्हणाला. तेव्हा घराची सेवा ही मुलगा आणि मुलगी दोघांचीही आहे. बहिणीचा अभ्यास चालू असेल तर भावाने ओटा आवरावा. "मला स्वयंपाक येत नाही" हे सोळा-सतरा वर्षांच्या धडधाकट मुलाने अभिमानाने म्हणावं असं काही नाही. पुनरुत्थान झालेल्या प्रभूने तिबिर्याच्या किनाऱ्यावर काय केलं ते योहानाने लिहून ठेवलं आहे: कोळशाचा विस्तव केला, मासळी भाजली, भाकर तयार ठेवली आणि रात्रभर राबलेल्या शिष्यांना न्याहारीला बोलावलं. मरणाला जिंकून आलेल्या प्रभूने न्याहारी तयार केली! आणि त्याच्या आधी, धरून दिला जाण्याच्या रात्री, कमरेला रुमाल बांधून त्यानेच त्यांचे पाय धुतले होते. आपल्या मुलाने भांडी घासली तर शेजारचे हसतील असं वाटणाऱ्या आईबापांनीही हे वाचावं.

"पण मला आवडतच नाही," असं काही जण प्रामाणिकपणे म्हणतात. आवडलंच पाहिजे असं कुठे आहे? सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे साधे बंधू होते. पूर्वीचे शिपाई, पायाने अधू. त्यांना नेमलं स्वयंपाकघरात, आणि त्या कामाचा त्यांना मनापासून कंटाळा होता. तरी वर्षानुवर्षं ते त्यांनी प्रार्थना करत, देवावरच्या प्रेमासाठी केलं. भांड्यांच्या गोंगाटातही देवाशी बोलणं थांबत नाही, हे त्यांना तिथे कळलं. पुढे मोठमोठी माणसं त्यांच्याकडे सल्ला विचारायला येत. आपल्या मराठी मातीला तर हे नवं नाहीच. जातं ओढताना देवाचं नाव घेणारी जनाबाई आपण सगळे ओळखतो. रेव्हरंड टिळकांचा आपल्या संतांवर जीव होता तो उगीच नाही.

आता हे करायचं कसं? माझ्या मते एकच काम घ्या आणि ते पूर्णपणे तुमचं करा. 'मदत' हा शब्द सोडा. मदत करणाऱ्याला सांगावं लागतं, आठवण करावी लागते, आणि ती आठवण ठेवण्याचं ओझं पुन्हा आईवरच राहतं. समजा तुम्ही रात्रीची भांडी घेतली. तर ती रोज रात्री तुमचीच. परीक्षा असेल त्या दिवशी कोणाला तरी आधी सांगून. आणि काम शेवटपर्यंत. भांडी घासली पण ओटा ओला, सिंकच्या जाळीत खरकटं, आणि करपलेलं दुधाचं पातेलं 'भिजत ठेवलंय' म्हणून तीन दिवस तसंच, याला काम केलं म्हणत नाहीत. त्या पातेल्यात पाणी आणि थोडा खायचा सोडा घालून एक उकळी आणा, निवू द्या, मग लाकडी उलथन्याने कड सोडवा. निघतं. वेळ लागतो, मनगट दुखतं, कोणी बघत नाही, शाबासकीही मिळत नाही. पौलाने कलस्सैच्या मंडळीला लिहिलं ना, की जे काही कराल ते माणसांसाठी नव्हे तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा? ते त्याने घरात राबणाऱ्या दासांना उद्देशून लिहिलं होतं. त्यांच्या कामाकडेही कोणी बघत नव्हतं.

आमच्या मंडळीतल्या एका मुलीने कपड्यांच्या घड्या घालायचं काम स्वतःकडे घेतलं. वडील एमआयडीसीत कामाला. महिन्याभराने ती मला म्हणाली, "मावशी, पप्पांच्या सगळ्या पँटी गुडघ्यांवरच झिजल्यात. मला माहीतच नव्हतं की ते दिवसभर गुडघ्यावर बसून काम करतात." तेव्हापासून ती पँटची घडी घालताना बापाच्या गुडघ्यांसाठी प्रार्थना करते. त्याच घरात अठरा वर्षं राहून जे दिसलं नव्हतं ते एका महिन्यात दिसलं. मध्यस्थीची प्रार्थना शिकवायला आपण शिबिरं घेतो. या पोरीला ती कपड्यांच्या ढिगाशी सापडली.

घरात म्हातारं माणूस असेल तर त्याच्यासाठी वेगळं बोलायला हवं. आजीचे डोळे अधू झाले की तिचं बायबल उशाशी नुसतं पडून राहतं. रोज दहा मिनिटं तिला एक स्तोत्र वाचून दाखवा, सावकाश, मोठ्याने. तिला पाठ असलेलं उपासना संगीतातलं गीत तिच्याबरोबर म्हणा. तिला संडासला धरून न्यावं लागत असेल, अंथरूण ओलं होत असेल, तर तेही फक्त आईने किंवा बाईने करायचं असं ठरवून टाकू नका. सुरुवातीला किळस येते. आली तर आली. चार दिवसांनी हात सरावतो, आणि म्हाताऱ्या माणसाला वाटणारी लाज तुमच्या सहज वागण्याने निम्मी होते.

तुमच्यातले काही जण आपल्या घरातून एकटेच चर्चला येता. घरी कोणाला तुमची श्रद्धा पटलेली नाही, कधी बोलणीही खावी लागतात. तुम्हाला माझं सांगणं एवढंच की घरी वाद घालू नका, पाणी भरा. आईच्या औषधांच्या वेळा तुम्ही लक्षात ठेवा, वडिलांनी सांगितलेलं काम पहिल्या हाकेला करा. तुमच्या प्रभूबद्दल त्यांना जे कळायचं ते आधी यातूनच कळेल. मात्र घरात मारहाण होत असेल, कोणी अंगाशी येत असेल, तर ते मुकाट्याने सोसणं म्हणजे सेवा, असं मुळीच समजू नका. विश्वासाच्या मोठ्या माणसाला त्याच दिवशी सांगा. अठरा वर्षांखालील कोणीही १०९८ या चाइल्डलाइनच्या नंबरवर फोन करू शकतं.

आईबापांना एकच विनंती. मुलगा पहिल्यांदा चपाती लाटेल ती नकाशासारखी होईल, मुलीने पुसलेल्या फरशीवर पट्टे राहतील. हसू नका, हातातून काढून घेऊ नका, पुन्हा तेच काम त्यांच्यासमोर करू नका. आणि रविवारी उपासना चालू असताना मटण शिजवायला घरी थांबणारी आई प्रत्येक मंडळीत आहे. तिलाही वचन ऐकायचं असतं. शनिवारी रात्री सगळ्यांनी मिळून कांदा-लसूण सोलून, वाटण करून ठेवलं तर ती रविवारी चर्चमध्ये तुमच्या शेजारी बसेल.

तरुण संघाने यंदाच्या कॅरलच्या तारखा ठरवल्या आहेत. गाण्यांची प्रॅक्टिसही सुरू झाली आहे, जोरात होऊ दे. पण त्या आठवड्यात रात्री आठला निघायचं असेल तर संध्याकाळी पाचला घरी लाटणं हातात घ्या. सारण खमंग भाजून तयार ठेवा, पुऱ्या लाटा, कडेला दुधाचं बोट फिरवून करंज्या नीट बंद करा, तळताना आच मंद ठेवा, नाहीतर फुटतात. आईला स्टुलावर बसवा आणि तिला फक्त चव बघू द्या. मग गात निघा. आणि कोणाच्या घरी चहा झाला की निघायच्या आधी पाच मिनिटं थांबून कप धुऊन पालथे घाला. मीही येणार आहे तुमच्याबरोबर, पहिल्या घरापासून कप मी विसळते, पुसायला दोघं जण माझ्यापाशी थांबा.